एक्केचाळीस नंबरची डिस्क

विश्रामबागेत फारूकचं दुकान अठरा वर्षं चाललं ते व्हिडिओ गेमच्या डिस्कांवर. भाड्यानं न्या, खेळा, परत करा. मन भरलं की जुनी द्या, दुसरी घ्या. आता म्हणे गेम डाउनलोड करायचा. विकत घेतला तरी पुढं कुणाला देता येत नाही, सख्ख्या भावालासुद्धा! गेमच्या नव्या मशीनला डिस्क घालायला फटच ठेवली नाही मेल्यांनी. गेल्या महिन्यात फारूकनं वैतागून सगळ्या डिस्का पोत्यात भरल्या आणि भंगारवाल्याला देऊन मोकळा झाला.

आणि काल लालासाहेब दारात उभे.

रहिमतपूरचे हे रिटायर सुभेदार त्याला चांगलेच आठवत होते. त्यांचा पृथ्वीराज इथं कॉलेजला होता, दिवाळीआधी मोटरसायकलच्या अपघातात गेला. तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी बाप रेल्वेनं आला, पोरानं भाड्यानं नेलेली क्रिकेटची डिस्क परत करायला. एक्केचाळीस नंबर. "लोकाची वस्तू घरात नगं," म्हणत रुमालानं पुसून दिली. राहू द्या तुमच्याकडं, असं फारूकच्या अगदी तोंडावर आलं होतं. पण धंद्याची सवय वाईट! हात पुढं झाला आणि डिस्क कप्प्यात गेली.

"फारूक, ती डिस्क पायजे रं," लालासाहेब म्हणाले. पिशवीत पोराचं मशीन होतं. "आमच्या पोरीनं आता सांगितलं. पृथ्वीनं त्यात आमची टीम केलीया. मी कॅप्टन हाय, मला मिशा बी काढल्यात म्हणं. आमी दोघं बापलेक ओपनिंगला. जिता हुता तवा ह्या खेळावरनं नुसत्या शिव्या घातल्या. कवा शेजारी बसलो न्हाई. एकडाव बघतो."

टीम मशीनमध्येच होती, पण डिस्क घातल्याशिवाय गेम उघडणार नव्हता. फारूकनं रिकाम्या कप्प्यांकडं बघितलं.

"उद्या देतो, सुभेदारसाहेब," तो बोलून बसला.

कंपनीनं तो गेम कधीच बंद केलेला. मिरज, कोल्हापूर, पुणे, फारूकनं सगळीकडं फोन लावले. "कोण ठेवतंय आता असलं?" जो तो हसला. भंगारवाला म्हणाला, डिस्का तासगावकडच्या एका द्राक्षबागेत गेल्या, पाखरं हुसकायला.

सकाळी फारूक बागेत पोचला. तारांना दोऱ्यांनी डिस्का लोंबत होत्या, शेकड्यानं. मान मोडेपर्यंत फिरला. दुपारी स्वतःच्या हातानं लाल शाईत लिहिलेला एक्केचाळीस दिसला तेव्हा "या अल्ला!" म्हणत त्यानं ती ओढून काढली. मग उलटून बघितली. तारेला घासून चरेच चरे पडले होते.

दुकानात लालासाहेब वाट बघत बसले होते. फारूकनं सगळं सांगून टाकलं आणि डिस्क लावली. मशीन घरघरलं, थांबलं. डिस्क वाचता येत नाही, असं पडद्यावर आलं.

"चूक माझी, साहेब. मी घ्यायलाच नको होती परत."

"न्हाई रं. मीच आणून दिली की." लालासाहेबांनी खिशातून रुमाल काढला, डिस्क मांडीवर घेऊन सावकाश पुसली.

"पुन्यांदा लाव."

फारूकनं पुन्हा लावली.