एका हाताचा चहा

अर्धांगवायूने मधुकररावांचा डावा हात लुळा पडला, तसा अख्ख्या आसगावाला सेवेचा झटका आला. त्यांचा एक हात आजाराने नेला, दुसरा गावाने कामाला लागू दिला नाही.

एका हाताने घर कसं चालवायचं हे शिकवायला भंडाऱ्याहून थेरपिस्ट उर्वशी मॅडम येत. शेजारच्या शकुबाई तर मॅडमसमोरच मधुकररावांच्या हातातलं पातेलं हिसकावून घेत. "बिमार माणूस सैपाकघरात? लोक आमाले काय म्हणतीन!"

आज परीक्षा होती. त्यांनी स्वतः चहा करून दाखवला नाही, तर मुलगी दीपमाला त्यांना नागपूरला चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवणार होती. मॅडम आणि दीपमाला आत आल्यावर मधुकररावांनी दाराला कडी लावली.

"भाऊजी, काहून दार लावलं जी? पडले काय?" बाहेरून शकुबाई ओरडल्या. उत्तर यायच्या आत त्यांचा मुलगा चंद्रकुमार कवेलू सरकवून छपरातून मदतीला उतरला आणि पाय मुरगळून ओट्याखाली आडवा झाला.

मधुकररावांनी एका हाताने गॅस पेटवला, आलं ठेचलं, चहा गाळला आणि पहिला कप त्याला दिला.

"बाबा खुशाल एकटे राहू शकतात," मॅडम दीपमालाला म्हणाल्या. "शेजाऱ्यांकडे मात्र कोणीतरी लक्ष द्यायला पाहिजे."