कॅनॉलवरची हाक

वारूळवाडीच्या तरुण मंडळानं दोन हजार एक साली पहिल्यांदाच सायकल शर्यत ठेवली. सुरुवात घाटघरच्या माथ्यावरून, तिथून उतरत जुन्नर, मग नारायणगावच्या दिशेनं, आणि हायवेची गर्दी नको म्हणून शेवटचा टप्पा कॅनॉलच्या कडेच्या मुरमाच्या रस्त्यानं वारूळवाडीत. पहिल्याला ढाल आणि गिअरची नवी सायकल.

अवसरी बुद्रुकच्या संपतचं नाव सगळ्यात आधी घेतलं जात होतं. त्याच्याकडे वाकड्या हँडलची रेसिंग सायकल होती, पुण्यातून कुणाची तरी वापरलेली आणलेली. रोज सकाळी दूध घालून झालं की तो मंचर, घोडेगाव करत थेट डिंभ्याच्या भिंतीपर्यंत जाऊन यायचा. त्याचे वडील रखमाजी पारावर बसून सांगायचे, "आमच्या संपतला गाठनारा या दोन तालुक्यांत न्हाई." संपत ऐकून खाली बघायचा, पण त्याला ते आवडायचं.

त्याला गाठणारा एकच निघाला. घाटघरचा सावळेराम. साधी काळी सायकल, मडगार्ड आणि कॅरिअर काढून हलकी केलेली. त्या सायकलीवरून तो रोज जुन्नरला सुतारकामाला जायचा आणि संध्याकाळी तोच चढ चढून घरी यायचा. उतारावर त्यानं जी आघाडी घेतली ती जुन्नरच्या वेशीपर्यंत तुटली नाही. शिवनेरी मागं पडल्यावर सपाट रस्त्यावर संपतनं त्याला गाठलं. मग दोघं कधी हा पुढे, कधी तो पुढे असे निघाले. बाकीचे सगळे कुठल्या कुठे राहिले होते.

"दमला का, पावणं?" सावळेरामनं एकदा हसून विचारलं.

"वारूळवाडीत सांगतो," संपत म्हणाला.

कॅनॉलला पाणी सोडलेलं होतं, काठोकाठ. दोन्ही बाजूंनी सिमेंटचा उतरता काठ, त्यावर हिरवं शेवाळ. सावळेराम सायकलभर पुढे होता. वळणावर त्याचं पुढचं चाक सैल मुरमात फसलं, सायकल आडवी झाली आणि माणूस सायकलीसकट काठावरून घसरत पाण्यात गेला.

"संपत! ए संपत!"

संपतनं मान वळवली. पाण्यावर एक हात दिसला, मग डोकं दिसलं, मग पुन्हा हातच. थोडं पुढे काठावर एक बाई गोधड्या धूत होती. ती उठून उभी राहिली आणि ओरडली, "ओ पिवळ्या बनियनवालं! थांबा! मानूस बुडतोय!"

संपतचे पाय क्षणभर थांबले. ब्रेकवर बोटंही गेली. आणि मग त्याच्या मनात आलं, पोहत असेल. बाई आहे की तिथं. ओरडली तर रानातली माणसं येतील. हे सगळं मनात येत असताना पाय पुन्हा फिरू लागले होते. पुढे रस्ता मोकळा होता. अशा मोकळ्या रस्त्याची त्यानं वर्षभर वाट पाहिली होती.

वारूळवाडीत ताशा वाजत होता. मंडळाचे अध्यक्ष गेणभाऊ यांनी त्याला सायकलीवरून उचलूनच घेतलं. रखमाजींनी मुलाच्या कपाळाला गुलाल फासला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. संपतला श्वास घेता येत नव्हता. लोकांना वाटलं, दमला आहे.

बऱ्याच वेळानं दुसरा सायकलवाला आला. तो वारूळवाडीचाच अमृत होता.

"घाटघरवाला कुठाय?" गेणभाऊंनी विचारलं. "जुन्नरातनं फोन आला तवा तर त्योच पुढं व्हता."

"मागं व्हता," संपत म्हणाला.

हे दोन शब्द तोंडातून गेले आणि त्याला वाटलं, आता तरी बोलावं, आता तरी कुणाला तरी पाठवावं. पण बोललं असतं तर 'आधी का न्हाई बोलला' हा प्रश्न आला असता. तो पाण्याचा तांब्या तोंडाला लावून उभा राहिला.

अर्ध्या तासानं उसाच्या ट्रॅक्टरवर बसवून सावळेरामला आणलं. अंगाभोवती कुणाचं तरी पोतं, ओठ निळे, दोन्ही हातांच्या बोटांची सालं निघालेली. ट्रॅक्टरवाल्यानंच सगळं सांगितलं. सावळेरामला पोहता येत नव्हतं. पाण्यानं त्याला रस्त्यावरून दिसणार नाही असं बाभळींच्या आड ओढत नेलं होतं, तिथं सिमेंटच्या एका फटीत बोटं रोवून तो कसाबसा तग धरून होता. धुणं धुणाऱ्या लंकाबाईनं अंगावरचं नऊवारी लुगडं सोडलं, एक टोक बाभळीच्या बुंध्याला बांधलं आणि दुसरं त्याच्याकडे फेकलं. ट्रॅक्टरवाला पोचला तेव्हा सावळेराम काठावर पालथा पडून पाणी ओकत होता आणि लंकाबाई ओली गोधडी अंगाभोवती गुंडाळून झाडामागे बसली होती. "मला म्हनली, हिकडं बघू नका, घरनं लुगडं आना," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"तुझ्यासंगं कोन न्हवतं का रं?" गेणभाऊंनी सावळेरामला विचारलं.

सावळेरामनं मान वर केली. गर्दीत संपतचा पिवळा बनियन लपण्यासारखा नव्हता. त्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "न्हाई. एकलाच व्हतो."

त्यानं शिवी दिली असती तर संपतला सोसलं असतं. गळा धरला असता तरी चाललं असतं. कपाळावरचा गुलाल घामानं डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायलाही हात उचलवत नव्हता.

संध्याकाळी शाळेपुढच्या पटांगणात बक्षीस समारंभ झाला. गेणभाऊंना दुपारी एक कल्पना सुचली होती. लंकाबाईचाही सत्कार करायचा. नारायणगावचे कापडदुकानदार सुवालाल शेटजी पाहुणे म्हणून होतेच, त्यांनी दुकानातून एक चांगलं लुगडं मागवलं. दोन कार्यकर्त्यांनी जाऊन लंकाबाईला जवळजवळ ओढूनच आणलं. पन्नाशीची बाई, चेहरा उन्हानं रापलेला. पदर घट्ट ओढून ती स्टेजच्या कोपऱ्यात उभी राहिली. तिच्या शेजारीच ढाल हातात घेऊन संपत उभा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. ओळखलं. आणि तोंड वळवलं.

गेणभाऊंचा आवाज मोठा, त्यात हातात माईक. माणूस वाईट नव्हता, पण गर्दी दिसली की त्यांना राहवायचं नाही.

"मंडळी, या माउलीनं काय केलं? अंगावरचं लुगडं फेडलं! भर दिवसा! कशाची लाज न्हाई, कशाची पर्वा न्हाई!"

मागच्या बाजूला पोरांचा घोळका होता. तिथून एक शिट्टी आली. मग दुसरी. "परत दाखवा की!" कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. गेणभाऊंना कळेना की हशा कशाला आला, ते स्वतःही थोडे हसले. सुवालाल शेटजी हातातल्या लुगड्याची घडी उगाच नीट करत खाली बघू लागले.

लंकाबाई हलली नाही. तिनं फक्त पदर आणखी ओढला, इतका की तिचा चेहरा दिसेनासा झाला. पदर धरलेला हात संपतच्या इतका जवळ होता की त्याला नखांतला मातकट रंगही दिसत होता.

संपतनं ढाल खाली ठेवली आणि गेणभाऊंच्या हातातून माईक घेतला.

"हसायचं आसंल तर मला हसा," तो म्हणाला. त्याचा आवाज भलताच मोठा घुमला, तोही दचकला. "सावळेराम माझ्याम्होरं पडला. त्यानं माझं नाव घेऊन हाक मारली. या मावशींनीबी हाक मारली. म्या ऐकली. मागं वळून बघितलं. आन् पुढं निघून आलो. हितं आल्यावर खोटं बोललो."

शिट्टी मारणारी पोरं एकमेकांकडे बघू लागली. संपतनं माईक टेबलावर ठेवला, तो घरंगळला आणि कर्णकर्कश आवाज झाला. लंकाबाई त्या आवाजातच स्टेजवरून उतरून चालू लागली. लुगडं शेटजींच्या हातातच राहिलं.

रखमाजी पहिल्या रांगेत बसले होते. ते उठले, टोपी सारखी केली आणि कुणाकडेही न बघता गेले. अवसरीहून आणलेला टेम्पो संपतला न घेताच निघाला. ढाल आणि नवी सायकल अमृतला मिळाली. संपत आपल्या सायकलीवरून एकटा घरी आला.

बरेच दिवस रखमाजी त्याच्याशी बोलले नाहीत. मग एका दुपारी गोठ्यात वैरण टाकता टाकता म्हणाले, "त्यानं सोता सांगितलं व्हतं ना, एकलाच व्हतो म्हनून? मंग तुला माईक घ्यायची काय गरज व्हती?"

संपतनं वडिलांकडे पाहिलं. मुलानं काय केलं याचं दुःख त्यांना होतं की ते गावाला कळलं याचं, हे त्याला समजेना.

तो लंकाबाईच्या घरी गेला. ती ओट्यावर शेंगा फोडत होती. त्याला बघून उठली नाही, पण बस म्हणाली. त्यानं उभ्यानंच सांगितलं, "मावशी, माझं चुकलं."

लंकाबाई शेंगा फोडत राहिली. टरफलं बाजूला सारत म्हणाली, "तू बोलला म्हनून लोकं हसायची थांबली. त्ये खरं हाये." मग हात थांबवून तिनं त्याच्याकडे पाहिलं. "पन लेकरा, तू वाटंत थांबला आसतास, तर मला लुगडं सोडावंच लागलं नसतं."

तिनं चहा केला. तो बशीत ओतून त्यानं मान खाली घालूनच प्यायला, जीभ भाजली तरी.

सावळेराम त्याला जुन्नरला बाजारच्या दिवशी भेटला. त्याची सायकल पाण्यानं ओढून नेली होती, ती सापडली नव्हती. आता तो एसटीनं येत-जात होता. संपत आपली रेसिंग सायकल हातात धरून उभा होता.

"ही घे," तो म्हणाला. "तुझीच समज."

"तुझ्या सायकलीवर मी बसायचो न्हाई."

"मंग मी काय करू, सांग."

सावळेरामनं करवत या हातातून त्या हातात घेतली.

"तू सगळ्यांपुढं का न्हाई सांगितलंस?" संपतनं विचारलं. "ट्रॅक्टरवरनं उतरलास तवा?"

"सांगून काय व्हनार व्हतं? तुझ्याकडनं मला कायबी नको व्हतं." मग एकदम त्यानं विचारलं, "तुला पवाया येतं?"

"येतं," संपत म्हणाला. त्याचा चेहरा तापला. तो पट्टीचा पोहणारा होता. हे आजवर त्याला कुणी विचारलं नव्हतं.

सावळेरामनं मान हलवली, जणू हेच ऐकायचं होतं. "मला रात्री झोप लागत न्हाई. पानीच दिसतं. शिकव मला. बाकी माफी-बिफी न्हाई."

उन्हाळाभर सुट्टीच्या दिवशी सावळेराम एसटीनं अवसरीला यायचा. संपतच्या विहिरीला तेव्हा पुरुषभर पाणी होतं. पहिले काही दिवस सावळेराम शेवटच्या पायरीवरच बसून राहिला. तरंगण्यासाठी कमरेला बांधायला सुका भोपळा कुठेच मिळेना. तेव्हा एका सकाळी रखमाजी विहिरीवर आले. त्यांनी तेलाचा एक रिकामा प्लॅस्टिकचा कॅन आणि दोरी काठावर ठेवली, "गाठ घट्ट मार," एवढंच म्हणाले आणि मोटारीच्या खोपीकडे निघून गेले.

कॅन बांधून सावळेराम पाण्यात उतरला की संपतचा खांदा धरायचा. सालं निघालेल्या बोटांवर नवी कातडी आली होती, गुलाबी. ती बोटं खांद्यात रुतायची. संपत हाताखाली हात देऊन त्याला तोलून धरायचा. पण त्याच्या डोळ्यांत बघायचं त्याला एकदाही जमलं नाही.

मे संपता संपता एका दिवशी सावळेरामनं कॅन सोडून ठेवला आणि विहिरीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकटा गेला. परतही आला. धापा टाकत पायरीवर बसला, अंग पुसलं, कपडे घातले.

"आता जमतंय," तो म्हणाला.

"जमतंय," संपत पाण्यातूनच म्हणाला.

सावळेराम पायऱ्या चढून गेला. पुन्हा येतो म्हणाला नाही, घाटघरला ये म्हणाला नाही. संपत पाण्याखालच्या पायरीवर तसाच उभा राहिला, गळ्यापर्यंत पाण्यात, वरून एसटीचा हॉर्न ऐकू येईपर्यंत.