पाठ झालेलं पान

वसुंधराला दिसत नव्हतं, आणि कंपनीला नेमकं तेच हवं होतं. एरवी आंधळ्या मुलीला नोकरी द्यायला कोण बसलंय? पण अमेरिकेतल्या एका औषधांच्या दुकानाला तिथल्या अंध गिऱ्हाइकांनी कोर्टाची धमकी दिली, आणि त्या दुकानाची वेबसाइट बनवणाऱ्या इंदूरच्या या कंपनीला अचानक अंधांची आठवण झाली. ही सन दोन हजार तीनची गोष्ट. वसुंधरा हेडफोन लावून बसायची, पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिच्या कानात बडबडायचं, ती फक्त कीबोर्डवर काम करायची आणि अंध माणूस जिथे अडकेल ती जागा लिहून द्यायची. तिला तात्पुरती म्हणून ठेवली होती, आणि हा शब्द तिला रोज सकाळी ऑफिसची पायरी चढताना आठवायचा.

घरात तेवढीच एक नोकरी होती. तिचे बाबा, शरदचंद्र, कापडाच्या मिलमध्ये विणकाम खात्यात जॉबर होते, म्हणजे माग चालू ठेवणं हे त्यांचं काम. देशाचा बाजार खुला झाला म्हणून मिल गेली, असं सगळे म्हणत. तोच बाजार खुला झाला म्हणून ही कंपनी आली, असंही तेच सगळे म्हणत. मिलचा भोंगा थांबला तेव्हा बाबा सुदामा नगरच्या घरात खुर्चीत बसले ते बसलेच. मुलगी कंप्युटर कंपनीत आहे, हे सांगायला मात्र ते कोपऱ्यावरच्या पोहेवाल्यापर्यंत न चुकता जात.

औषध मागवायच्या पानावर वसुंधरा पहिल्याच दिवशी अडकली. गोळी कोणती, ताकद किती, पाकीट केवढं, सगळ्याला चित्रांची बटणं, आणि एकाही बटणाला नाव दिलेलं नाही. कानात नुसतं 'बटण, बटण, बटण'. तिने तसं लिहून दिलं. दुरुस्ती करायची होती प्रोग्रामर मंजुषाने. मंजुषा मुलगी वाईट नव्हती, पण तिच्या डोक्यावर आणखी चार कामं लादलेली. "आज करते गं," म्हणता म्हणता उन्हाळा सरला. इतर बारीकसारीक बदल होत राहिले आणि ते तपासायला वसुंधराला रोज त्याच पानातून जावं लागलं. दिवे गेल्यावर आपण आपल्या घरात न ठेचकाळता माठापर्यंत जातो, तसं तिचं झालं. कुठलं बटण कशाचं हे बोटांना पाठ झालं. पान मात्र होतं तस्संच मोडकं होतं.

मग एक दिवस सुजय तिच्या टेबलाशी आला. सुजय मॅनेजर, पुण्याहून आलेला. वर्षभरात इंदूरवाल्यांसारखं भैयाला 'भिया' म्हणायला शिकला होता, गोड बोलणं तर घरूनच घेऊन आला होता.

"वसुंधराजी, गुरुवारी क्लायंट येतोय. तुम्ही फक्त एक ऑर्डर करून दाखवायची, बस."

"सर, ते पान अजून ठीक झालेलं नाही."

"काल तर फटाफट केलंत की. मी मागे उभा होतो."

"मला पाठ झालंय म्हणून. पहिल्यांदा येणारा तिथेच अटकेल."

"त्याला कोण बघायला येतंय? क्लायंट तुम्हाला बघायला येतोय." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "डेमो झाला की तुम्ही पर्मनंट. प्रोजेक्ट गेला तर मात्र कुणाचंच काही खरं नाही. मी तरी काय करणार?"

संध्याकाळी तिने बाबांना हे सांगितलं. बाबांना त्यात काही अडचणच वाटेना.

"अगं वसू, मिलमध्ये हेच तर असायचं. पाहुणे आले की सीधे माझ्या मागावर. माग एकदम खटारा, धागा सारखा तुटायचा. पण मला आवाजावरून आधीच समजायचं. साहेबाची नजर वळायच्या आत गाठ मारून मोकळा. साहेब म्हणायचे, मशीन तो बढिया चल रही है."

"मग नवीन माग आले?"

"कशाला येतील? जुने बढिया चालत होते ना," बाबा हसत म्हणाले.

"आणि मिल?"

"मिल गेली. पण माझ्या मागाला शेवटपर्यंत कोणी नाव ठेवलं नाही."

तिला बाबांचा राग आला, आणि कीवही आली. त्यांच्या बाजूला खुर्ची ओढून ती बसली.

गुरुवारी पाहुणा आला. वसुंधराने हेडफोन लावला आणि बोटं सोडून दिली. गोळी, ताकद, पाकीट, पत्ता, झालं. टाळ्या पडल्या. पाहुणा मात्र अगदीच बिनडोक नव्हता. त्याने विचारलं, नव्या माणसालाही हे इतकंच सोपं जाईल का? तिला बाबांची खुर्ची आठवली.

"येस," वसुंधरा म्हणाली.

पान पास झालं. मंजुषाला त्याच दिवशी दुसऱ्या कामावर पाठवलं. वसुंधरा पर्मनंट झाली, बाबांनी राजवाड्याच्या बाजारातून पेढे आणून गल्लीभर वाटले. त्यानंतर तिच्याकडे तपासणी अशी आलीच नाही. नवी वेबसाइट यायची, वसुंधरा कुठेतरी अडकायची, सांगायला जायची, आणि सुजय म्हणायचा, "घ्या ना पाठ करून." ती पाठ करायची. पाहुणे टाळ्या वाजवायचे.

दिवाळीनंतर तिच्याकडे एका ईमेलची प्रत आली. अमेरिकेतल्या कुणा म्हाताऱ्या अंध बाईने लिहिलं होतं: मी एकटी राहते. तुमच्याकडून मला माझं औषध मागवता येत नाही. नुसतं बटण, बटण, बटण ऐकू येतं. खाली कंपनीचं उत्तर होतं, आणि ते सकाळीच गेलेलं होतं. आमच्या अंध परीक्षक हे पान रोज विनासायास वापरतात, अडचण आपल्या सवयीची असावी, थोडा सराव करावा. त्याखाली वसुंधराचं नाव.

ती उठून सुजयकडे गेली. "सर, हे मी लिहिलेलं नाही."

"पण खोटं काय आहे त्यात?" सुजय म्हणाला. "करताच ना तुम्ही."

ती जागेवर येऊन बसली आणि तिने ते पान उघडलं. आज आपण इथे पहिल्यांदाच आलोय असं समजायचं, एकेक बटण ऐकायचं, कुठे अडकतो ते नव्याने लिहायचं आणि ते थेट त्या दुकानालाच पाठवायचं, असं तिने ठरवलं. तिने मुद्दाम बोटं सावकाश चालवली. मध्येच थांबवली, चुकीच्या बटणावर नेली. बोटं आपली आपण परत बरोबर बटणावर आली. दुसऱ्यांदा केलं, तेव्हाही तेच. त्या बाईसारखं अडकायचा ती जीव तोडून प्रयत्न करत राहिली, आणि कानात सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा सांगत राहिलं की तुमची ऑर्डर मिळाली, धन्यवाद.