निदान झालेली गाडी

मी अणदूरच्या बसप्पांच्या जुन्या गाडीतला कॉम्प्युटर बोलतोय. बोलतोय म्हणजे, आत्ता कुठं बोलायला लागलोय. इतकी वर्षं मिठाची गुळणी धरून बसलो होतो.

डॅशबोर्डच्या आत माझं घर. एक चपटी डबी आणि तिला वायरींचं जाडजूड शेपूट. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी पाडायची, हे मी ठरवतो. पण घडवणाऱ्यांनी मला मोजायला भरपूर शिकवलं आणि सांगायला अगदी थोडं. फारच बिघडलं तर समोरचा पिवळा दिवा लावायचा, बस्स. त्या दिव्यावरही बसप्पांनी खंडोबाचा स्टिकर चिकटवला. माणसांचं मला नवल वाटतं. त्यांना दिवा खुपतो, बिघाड खुपत नाही.

बसप्पांची बायको गंगम्मा. तिच्या किडन्या निकामी झाल्यापासून आम्ही एक दिवसाआड सोलापूरला डायलिसिसला जातो. यंदा ऊन तापलं आणि गाडी वाटेत अचानक बंद पडू लागली. थोडी निवली की पुन्हा चालू. गॅरेजवाल्यांनी प्लग बदलले, पंप बदलला, शेवटी हात टेकले. मला कारण दिसत होतं. इंजिनाचे फेरे मोजणारा सेन्सर तापला की मुका व्हायचा, आणि फेरे कळले नाहीत की मला ठिणगी पाडता यायची नाही. पण ते सांगायची मला मुभाच नव्हती. मागच्या सीटवर गंगम्मा सुजलेले पाय घेऊन पदरानं वारा घालत बसायची, आणि माझा जीव तुटायचा.

शेवटी नळदुर्गच्या शिवकुमार मेस्त्रीनं मला बाहेर काढून लॅपटॉपला जोडलं. माझ्यातला प्रोग्राम उतरवून घेतला, त्यात भर घातली आणि परत माझ्यात भरायला लागला.

"मामा, मधीच करंट गेला तर हे डबडं कायमचं मरतंय बघा," तो बसप्पांना म्हणाला.

खोटं कशाला सांगू, माझी पाचावर धारण बसली. पण करंट टिकला. जागा झालो तेव्हा, मी जे जे मोजीन ते सगळं बसप्पांच्या मोबाईलवर दिसू लागलं होतं. शिवकुमारनं मला गाडीत बसवून एक लांब चक्कर मारली. इंजिन तापलं, आणि फेऱ्यांचा आकडा चालत्या गाडीत एकदम शून्यावर आला.

"घावलं! सेन्सर गेलाय. परवा मागवून बसवतो. तवर लांब न्हेऊ नका गाडी."

बसप्पांना एवढा हर्ष झाला की पुढचं त्यांच्या कानात शिरलंच नाही. घरी येऊन गंगम्माला म्हणाले, "निदान झालं बघ गाडीचं! आता काळजीच न्हाय." आज सकाळी त्यांनी बॉनेटला विभूती लावली आणि निघाले. मी मोबाईलवर आकडे दाखवत होतो. मोबाईल त्यांच्या खिशात होता.

आत्ता आम्ही इटकळच्या पुढं रस्त्याच्या कडेला उभे आहोत. या वेळी निवूनही गाडी सुरू होत नाही. बसप्पा मोबाईल बघत किल्ली फिरवतायत. मी शून्य दाखवतोय. दुसरं काय दाखवू?

"निदान तर झालं हुतं की गं," ते रडकुंडीला येऊन म्हणतात.

गंगम्माला धाप लागलीय. ती थांबत थांबत म्हणते, "आवो, निदान तर माझं बी झालंय. दोन वर्सं झाली की."

बसप्पा मोबाईल सीटवर टाकून खाली उतरतात, आणि खांद्यावरचा टॉवेल काढून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हलवायला लागतात. गाड्या भुर्रकन निघून जातायत.

माणसांनो, मला बोलतं केलंत, तुमचे उपकार आहेत. आता नुसतं बघू नका, ऐका. आणि या रस्त्यानं येत असाल, टॉवेल हलवणारा एक म्हातारा दिसला, तर ब्रेक मारा. माझं सोडा, मी इथंच उभा राहीन. तेवढं गंगम्माला सोलापूरला पोचवा.