सिस्टरांची सकाळ

सिस्टरांनी सिरिंज खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. तिच्यावरच्या रेघा दिसेनात. काचेवर वाफ धरावी तसं सगळं पांढुरकं. त्यांनी रुमालाने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. शेवटी हाताच्या अंदाजाने औषध ओढलं आणि यजमानांच्या पोटाला सुई टोचली.

सिस्टर हे नाव दवाखान्यातलं. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी ते चिकटून राहिलं होतं. यजमानसुद्धा त्याच नावाने हाक मारत. त्यांच्या हातांना कंप सुटला तेव्हापासून रोजचं इन्सुलिन सिस्टरांकडे आलं. मी देत जाऊ का, असं सुनेने एकदा विचारलं होतं. मी काय मेलेय का, असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला होता.

डोळ्यांबद्दल त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. बोलणार तरी काय? दुपारपर्यंत धुकं विरायचं, वर्तमानपत्रातलं बारीक अक्षरही लागायचं. संध्याकाळी चष्म्याच्या दुकानात गेल्या, तर नंबर तोच निघाला. वय झालं, झोप पुरी होत नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

त्या दिवशी नाश्ता होऊन बराच वेळ झाल्यावर यजमानांना दरदरून घाम फुटला, जीभ जड झाली. सिस्टरांचे हात आपसूक चालले. साखरेचं पाणी घोटघोट पाजलं, पाठीला उशी लावली. थोड्या वेळाने ते सावरले.

सून धावत आली. बाबांनी नीट खाल्लं नसणार, असं तिने गृहीतच धरलं. यजमानांनी एकदा सिस्टरांकडे पाहिलं.

"हो गं, चुकलंच माझं," ते सुनेला म्हणाले. "पाव तसाच ठेवला मी."

सिस्टर खुर्चीत बसल्या.

"सगळं खाल्लं होतं त्यांनी. औषध माझ्याकडून जास्त गेलं. मला सकाळी दिसत नाही."

"कधीपासून, आई?"

"झाले बरेच दिवस."

उठल्याउठल्या कसं दिसतं, हाच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचा पहिला प्रश्न होता. मग त्यांनी समजावलं. बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्याला आतून पेशींचा पातळ थर असतो. पडद्यात मुरणारं पाणी तो सतत उपसत असतो. वयाबरोबर या पेशी कमी होत जातात. सिस्टरांच्या जरा जास्तच झडल्या होत्या. रात्रभर पापण्या मिटलेल्या, म्हणून पाणी साचून पडदा धुरकटतो. दिवसा डोळे उघडे राहिले की ते उडून जातं. सध्या थेंब घालायचे, पुढेमागे कदाचित ऑपरेशन.

"म्हणजे पंपावरची माणसं रिटायर झाली तर," घरी आल्यावर यजमान म्हणाले. सिस्टरांना हसू आलं.

दुसऱ्या दिवशी सुनेने सिरिंज भरली. सिस्टरांनी तिला आकडा मोठ्याने वाचायला लावला, मग पुन्हा एकदा वाचायला लावला. कापसाचा बोळा तिच्या हातात दिला आणि त्या खोलीबाहेर पडल्या.

बाहेर बसून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे वेगवेगळे दिसायला लागण्याची त्या वाट पाहत राहिल्या. थोड्या वेळाने मागून कपबशी किणकिणत आली. यजमान होते. त्यांनी चहा पुढे ठेवला आणि शेजारी बसले. सिस्टरांनी बोटाने चाचपलं. हिंदकळलेल्या चहाने बशी काठोकाठ भरली होती. कपात तळाशी थोडासाच उरला होता.

त्या आधी बशीतला चहा प्यायल्या, मग कपातला.