ओली ओंजळ

सुवर्णानं दुधात कुस्करलेल्या भाकरीचा घास नवऱ्याच्या तोंडाशी नेला, तोच दारात हिंमतराव खाकरले. भजनी मंडळ तेच चालवत. काखेत पखवाजाची रिकामी खोळ होती, तेव्हा कशाला आले ते विचारावं लागलं नाही.

"घेऊन जा, भाऊ. देवळाचाच हाये तो," भागवत म्हणाला.

"तुह्यासारका हात दुसऱ्याचा नाही, गड्या," हिंमतराव बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

ते हात मांडीवर उताणे पडले होते. कातडी गुलाबी, बोटं आखडलेली. याहून जास्त सुधारणा होणार नाही, असं खामगावच्या डॉक्टरनं सांगून टाकलं होतं.

करोनानंतर देऊळ उघडलं त्या दिवशी दाराशी सॅनिटायझरची बाटली घेऊन सुवर्णाच उभी होती. लोकांना थेंब थेंब; भागवत शेतातून उशिरा धावत आला, त्याला मात्र ओंजळभर. घरच्या माणसाला वाढताना हात सैल सुटतो, तसं. ते पूर्ण वाळू द्यावं, तोवर विस्तवाजवळ जाऊ नये, असं बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असेलही, वाचतं कोण? आरतीचं तबक फिरत होतं. भागवतनं ओले तळवे ज्योतीवर धरले. उन्हात जाळ दिसलाही नाही. दिसला तो हात झटकत ओरडणारा भागवत.

तेव्हापासून ती त्याला विचारत आली होती, "माह्यावर राग हाये का हो?"

"तुहा काय दोष? मीच घाई केली."

उत्तर ठरलेलं. ते ऐकलं की तिला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारावंसं वाटायचं.

हिंमतराव पखवाज घेऊन गेले. दिवेलागणीला शेजारच्या गोजरबाई देवळातून तबक घेऊन आल्या.

"घे बाप्पा, आरती घे."

भागवतचे हात मांडीवरून हलले नाहीत. सुवर्णानं आपले कोरडे तळवे ज्योतीवरून फिरवले आणि ती ऊब त्याच्या चेहऱ्याला लावायला गेली.

भागवतनं मान इतक्या जोरात मागं घेतली, की डोकं भिंतीवर आदळलं.

गोजरबाई तबक घेऊन पुढच्या घरी गेल्या. सुवर्णाचे हात तसेच अधांतरी राहिले.

"तुहा काय दोष," भागवत खाली बघत म्हणाला.

आज तिनं विचारलंच नव्हतं.