अण्णांचं वाक्य

तिसगावजवळच्या माळावरच्या शाळेत कल्याण सर अकरा वर्षं इंग्रजी शिकवत होते, आणि अकराही वर्षं त्यांची नेमणूक व्हायचीच होती. दर पंधरा ऑगस्टला संस्थेचे अध्यक्ष रंगनाथअण्णा झेंड्याखाली उभे राहून सांगत, "कल्याण सरांची ऑर्डर मी काढनार म्हंजी काढनार!" पोरं टाळ्या वाजवत. सर सगळ्यांत मोठ्यानं वाजवत. यंदा मात्र जागा खरोखरच रिकामी झाली होती, आणि सरांच्या वयाची मर्यादा दिवाळीला संपत होती. त्यानंतर सरकारच्या लेखी ते नेमायला म्हातारे. फुकट शिकवायला अर्थातच तरुण.

दहावीला रिपोर्टेड स्पीच चाललं होतं. दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडानं सांगायचं, तर क्रियापद एक पाऊल भूतकाळात सरकवायचं. दुसरं उदाहरण सुचेना, म्हणून सरांनी अण्णांचंच वाक्य फळ्यावर घेतलं आणि क्रियापदाची जागा मोकळी सोडली.

"सर, विल का वुड?"

"नियमानं वुड. पण बोललेली गोष्ट अजून व्हायची असली, तर विल ठेवलेलंही चालतं," असं म्हणत सरांनी 'विल' इतकं दाबून लिहिलं, की खडू मोडला.

पहिल्या बाकावरची सृष्टी उभी राहिली. अण्णांची नात, भारी सरळ पोरगी.

"सर, मग वुडच करा. त्या जागेवर आत्याच्या मिस्टरांची, रविराज मामांची, ऑर्डर झाली काल. तुमच्यासाठी पेढा आणलाय."

सरांनी 'विल' पुसलं, 'वुड' लिहिलं. "शाब्बास. परीक्षेत हमखास येतं हे." मग पेढा खाल्ला. पेढा चांगला होता.

संध्याकाळी अण्णांनी बंगल्यावर बोलावून घेतलं.

"जावई पडला, सर. लेकीच्या सासरी तोंड दाखवायचं हाय मला."

"अण्णा, माझं वय..."

"वय कुनाचं थांबलंय? फुडल्या वर्षी तुमची काढनार म्हंजी काढनार. तवर एक करा. रविराजचं इंग्रजी जरा कच्चं हाय. त्याचे तास तुमीच घ्या. सह्या करील तो."

"बरं," सर म्हणाले.

घरी त्यांची बायको पंकजा नव्या शर्टाला शेवटचं बटण लावत बसली होती. शर्ट तिनंच शिवलेला, सरांनी ऑर्डर घ्यायला घालून जायचा.

"काय म्हनले अण्णा?"

मराठीची ही एक सोय आहे. कुणाचं बोलणं सांगताना काळ बदलावा लागत नाही. अकरा वर्षांचं शिळं वचनही जसंच्या तसं वाढता येतं.

"फुडल्या वर्षी काढनार म्हंजी काढनार, म्हणाले. यंदा रविराजची काढली."

"आन् तुमी?"

"मी बरं म्हणालो."

पंकजानं दातानं दोरा तोडला. शर्टाची नीट घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली.

"रविराजला बसतोय का बघा."